लाँचच्या मशीनला ग्रीस किती द्यावे?



आपल्या तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. शेजारी जुन्नर तालुक्यात माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची आणखी धरणे आहेत. पाणी अडले तशी होडी आली, आणि होडीमागे मशीनही आले. वल्ह्याच्या होडीत फार तर हात दुखतात. मशीनच्या होडीला मात्र वंगण लागते, आणि ते किती द्यायचे हा आजचा आपला पाठ आहे.

हे वाचायचे कशासाठी, असे कोणी म्हणेल. पावसाळ्यात डोंगरावरून वारा सुटतो तेव्हा चालती होडी नाक पुढे करून लाट कापते. मशीन बंद पडले की तीच होडी वाऱ्याला आडवी होते आणि लाट कुशीवर आदळते. तेव्हा होडीत बाजारची माणसे असतात, कधी दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस असतो. म्हणून काठावर असतानाच हिशेब नीट झालेला बरा.

आता ग्रीस म्हणजे काय ते पाहू. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. हा साबण कपड्यांचा नव्हे बरं का! लिथियम किंवा कॅल्शियम या धातूंपासून तो बनवतात. स्पंज जसा पाणी धरतो तसा हा साबण तेल धरतो आणि फिरत्या भागाला थोडे थोडे देतो. बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालायचे तेही याच कामासाठी, पण पातळ तेल ओघळून जाते. ग्रीस जागेवर चिकटून राहते आणि पाण्यालाही आत येऊ देत नाही. दोन निराळ्या जातींची ग्रीस मात्र एकत्र करू नयेत. त्यांचे साबण जुळले नाहीत तर सगळेच पातळ होऊन वाहून जाते.

“दाब की अजून चार पंप, जास्त झालं म्हणून काय बिघडतंय?” असे आपण पुष्कळदा ऐकतो. बिघडते! पायाखाली वाट नुसती ओलसर असेल तर आपण भराभर चालतो. तेच चिखलणी केलेल्या खाचरात गुडघाभर चिखलातून पळून पाहा. चार पावलांत धाप लागते. बेअरिंगमधल्या गोळ्यांचेही तसेच होते. ग्रीस ठासून भरले तर गोळ्या ते घुसळत बसतात, घुसळण्याने उष्णता वाढते, तेल साबणातून सुटते, कडेचे सील फाटते आणि मग त्याच फटीतून पाणी आत शिरते. म्हणून वेगाने फिरणाऱ्या नव्या बेअरिंगमधली मोकळी जागा एक तृतीयांश ते अर्धी भरावी असे सांगतात.

सगळीकडे मात्र हा एकच नियम चालत नाही. होडीच्या मागे टांगलेल्या मशीनची मान डावीउजवीकडे वळते, तिथे ग्रीसची छोटी निपल असते. ती मान अगदी सावकाश फिरते आणि सदा भिजते. तिथे जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे स्वच्छ दिसेपर्यंत पंप मारावा, म्हणजे झाले. याच मशीनच्या खालच्या गिअरपेटीत ग्रीस नव्हे, गिअरचे तेल जाते. मशीन उभे धरून ते खालच्या भोकातून भरतात आणि वरच्या भोकातून वाहू लागले की थांबतात. काढलेले जुने तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले असे समजावे.

मोठ्या लाँचचे इंजिन आत असते. त्याचा शाफ्ट जिथून पाण्यात उतरतो तिथे काही लाँचना ग्रीसचा कप असतो. दिवसाचे काम संपले की त्याची टोपी एकदोन वेळा फिरवतात, म्हणजे थेंब थेंब येणारे पाणी थांबते.

आता खरे गणित. याच शाफ्टला आत आधार देणारे बेअरिंग असते. त्यात पुन्हा ग्रीस देताना किती द्यावे, याचे एक सोपे सूत्र बेअरिंग बनवणाऱ्यांनी दिले आहे. बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला 0.005 ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येते. व्यास 80 आणि रुंदी 18 असेल तर 80 × 18 × 0.005 = 7.2 ग्रॅम.

पण पंपावर ग्रॅम लिहिलेले नसतात! मग आम्ही सातवीच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद ठेवला, तो भरला 4 ग्रॅम. पहिल्या दाबात हवा असते म्हणून ते ग्रीस पुसून टाकले. मग कागदावर मोजून दहा दाब मारले. वजन झाले 16 ग्रॅम. म्हणजे दहा दाबांचे 12 ग्रॅम, एका दाबाचे 1.2 ग्रॅम. 7.2 ला 1.2 ने भागले की 6 दाब.

एकच दाब तोलला असता तर? काट्यावर 1 ग्रॅम दिसला असता आणि वरचा 0.2 हातातून निसटला असता. म्हणून दहा.

गंमत पुढेच आहे. दुसरा एक जुना पंप आणला, त्याच्या दहा दाबांचे 8 ग्रॅमच भरले. त्याला 9 दाब लागणार. “आमच्या मशीनला सहा पंप लागतात” हे एकाने दुसऱ्याला सांगून भागत नाही, ते यासाठी. ज्याने त्याने आपला पंप तोलावा आणि आकडा त्यावर रंगाने लिहावा. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात निराळे माप दिले असेल तर तेच धरावे.

पंप लावण्याआधी निपल फडक्याने पुसा. वाळूचा एक कण आत गेला तर तो कानशीसारखा घासत राहतो. बाहेर आलेले ग्रीस फडक्यावर घ्या, पाण्यात झटकू नका. खाली गावेच्या गावे हे पाणी पितात.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. बेअरिंगचा बाहेरचा व्यास 62 मिलिमीटर, रुंदी 16 मिलिमीटर आहे. पंपाच्या दहा दाबांचे ग्रीस 10 ग्रॅम भरते. किती दाब द्याल? उत्तर रीतीसह लिहून शनिवारपर्यंत भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका.