गुळाचे आधण : चुकते कुठे, सावरायचे कसे?

सभासद बंधूंनो,

नोंदीचा ऊस कारखान्यालाच यायचा. तरी घरापुरत्या आणि पाहुण्यारावळ्यांपुरत्या गुळासाठी गंगाखेड भागात एखाद-दुसरे आधण काढले जाते. त्यातले काही बिघडतात. हजार लिटर रसाची काहील बिघडली तर पावणेदोन-दोनशे किलो गूळ हातचा जातो, वर चिपाडे आणि मजुरी वाया. म्हणून आधण चालू असताना करायच्या लहानसहान दुरुस्त्या आज पाहू या.

रस : ऊस पक्व हवा. रिफ्रॅक्टोमीटरने शेंडा व बुडखा दोन्ही तपासा. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळा. शिळ्या उसातली साखर फुटते आणि मग गूळ बसत नाही. ही चूक काहिलीत दुरुस्त होत नाही, एवढे ध्यानात ठेवा. उशिरा घातलेल्या नत्राचा आणि खारवट जमिनीतला ऊसही गुळाला नको.

चुना : ताज्या रसाचा सामू साधारण सव्वापाच असतो. तो सहा ते साडेसहाच्या आत आणायचा. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, ढवळा आणि सामूचा कागद बुडवून बघा. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर काळा पडतो. म्हणून बादलीभर बिनचुन्याचा रस बाजूला ठेवा. चुना जास्त झालाच तर आधण तापण्याआधी त्यातला थोडा थोडा घालून सावरता येते.

मळी : हजार लिटरला दोनेक किलो रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात चोळा. चिकट पाणी एकदम ओतू नका. निम्मे आधी घाला, मळी काढा, मग उरलेले घाला. मळी वर येते ती उकळी फुटायच्या आत, म्हणून तोवर जाळ मंदच ठेवा. एकदा उकळी फुटली की मळी रसात मिसळते, मग कितीही झारा फिरवला तरी निघत नाही.

फेस : काहील उतू येऊ लागली तर पाणी ओतू नका. करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब टाका, फेस बसतो. जाळही थोडा ओढा.

उतरणी : थंड पाण्यात पाकाचा थेंब टाका. त्याची घट्ट गोळी झाली की वेळ आली. तापमापक असेल तर ११८ अंशांच्या आसपास. पण चुलवाण तापलेले असते, जाळ काढला तरी पाक चढतच राहतो. म्हणून दोन-तीन अंश आधीच जाळ ओढा. काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांवरच काढून घ्या.

आता माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी घरच्या गुऱ्हाळात रस आंबूस वाटला म्हणून मी चुना घातला. दम निघेना, परत घातला, आणि घाईत जाळही वाढवला. गूळ काळाकुट्ट निघाला. चुन्याने बिघडला की जाळाने, हे शेवटपर्यंत कळले नाही. वडील एवढेच म्हणाले, "एका वेळी एकच हात लाव." तेव्हापासून मी वही ठेवतो : सामू किती, चुना किती, मळी कधी काढली, कितीवर उतरवला. दुसऱ्या आधणाला हीच वही गुरू.

रंग उजळावा म्हणून हायड्रोस पावडर टाकायचा मोह आवरा. त्याचा पिवळेपणा साठवणीत टिकत नाही, गंधक मात्र पोटात जाते. संक्रांतीचा तिळगूळ लेकराबाळांच्या हातावर ठेवायचा असतो. रंग थोडा तांबूस असला तरी चालेल.

थोडी दुरुस्ती, थोडे थांबणे, मग पुढची. याने आधण सुधारते. कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी