उसाच्या बेण्याचा डोळा आणि त्यातील पेशी

पन्हाळा तालुक्यात कासारी व वारणा या नद्यांच्या काठी ऊस हे शेतकऱ्याचे मोठे नगदी पीक होय. लागणीच्या वेळी रान, खत व पाणी यांचा विचार बहुतेक शेतकरी नीट करितात; परंतु गुऱ्हाळास तोडलेल्या उसातूनच चार मोळ्या बेण्यासाठी बाजूस काढावयाच्या, किंवा खोडव्यातूनच टिपऱ्या पाडावयाच्या, अशी सवय पुष्कळ ठिकाणी दिसून येते. ही सवय नुकसानीची का ठरते, हे समजण्यास उसाच्या पेशीची थोडी ओळख असणे अवश्य आहे. तीच करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पन्हाळगडाचा तट एकेका चिऱ्याने उभा राहिला, तसा प्रत्येक प्राणी व वनस्पती पेशींनी बनलेली असते. भेद इतकाच की चिरा निर्जीव आहे, पेशी सजीव आहे. बुचाच्या पातळ कापात रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले लहान लहान कप्पे १६६५ साली वर्णिले, तेव्हापासून पेशी हा अभ्यासाचा विषय झाला. उसाच्या पेशीभोवती एक टणक भिंत असते. चरकातून निघणारे चिपाड ते मुख्यतः या भिंतींचेच. आत जीवद्रव्य असते व कांड्यातील पेशींत रसाने भरलेली मोठी पोकळी असते. साखर साठते ती येथे. जीवद्रव्यातच केंद्रक असून त्यात गुणसूत्रे असतात. मनुष्याच्या पेशीत ती ४६, तर लागवडीच्या उसात सुमारे १०० ते १३० आढळतात. जातीचे सारे गुण या गुणसूत्रांत साठविलेले असतात.

डोळा फुटतो तो पेशीविभाजनाने. विभागण्यापूर्वी पेशी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार करिते. मग या जोड्या पेशीच्या मध्यभागी ओळीने येतात, एकेक प्रत एकेका बाजूस ओढली जाते व मध्ये नवी भिंत पडते. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा रीतीने कोंब वाढतो. म्हणून टिपरीपासून आलेला ऊस मूळ उसासारखाच निपजतो. तुऱ्यातील बीजाचे तसे नाही. तेथे गुणसूत्रांची संख्या निम्मी होऊन नर व मादी यांचे गुण नव्याने एकत्र येतात. १९१२ साली स्थापन झालेल्या कोइमतूर येथील ऊस पैदास संस्थेने याच मार्गाने नव्या जाती काढल्या. आपल्याकडे सर्वत्र परिचित असलेली को ८६०३२ ही त्यांपैकीच एक.

परंतु टिपरीबरोबर केवळ गुणच येतात असे नाही, रोगही येतो. गवताळ वाढीचा सूक्ष्म जीव अन्नरस वाहणाऱ्या पेशींच्या आतच राहतो. बाहेरून कांडे निरोगी दिसले तरी त्यापासून होणारे बेट गवतासारखे बारीक, पांढुरक्या फुटव्यांचे निघू शकते. रोगट लागणीच्या खोडव्यात हा उपद्रव वाढतो, म्हणून तेथले बेणे टाकाऊ समजावे.

आता वयाचा प्रश्न. साखरेचा प्रत्येक कण द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, व फलशर्करा यांच्या संयोगाने बनतो. कोवळ्या उसात द्राक्षशर्करा, पाणी व नत्र अधिक असतात. फुटणाऱ्या डोळ्यास हेच अन्न तत्काळ उपयोगी पडते. पक्व उसात ती साखरेच्या रूपाने साठलेली असते. ती फोडून वापरण्यास डोळ्यास वेळ लागतो, शिवाय डोळेही निबर झालेले असतात. त्यामुळे उगवण उशिरा व विरळ होते, नांगे पडतात. गुळाचे गणित नेमके याच्या उलट आहे. तोडलेला ऊस पडून राहिला म्हणजे पेशीतील विकर साखर फोडू लागतो, द्राक्षशर्करा व फलशर्करा वाढतात आणि रवा घट्ट न बसता मऊ राहतो. जे बेण्यास हितकर, तेच गुळास मारक. यास्तव एकाच उसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

तेव्हा शेतकरी बंधूंनी थोड्या रानात स्वतंत्र बेणेमळा राखावा. त्यासाठी मूळ बेणे संशोधन केंद्राकडून किंवा कारखान्याकडून, ५४ अंश सेल्सियसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया झालेल्या उसापासून वाढविलेले असे आणावे. या उष्णतेने पेशीतील रोगजीव नष्ट होतात व डोळा जिवंत राहतो. मळ्यात गवताळ बेट दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे. लागणीस ९ ते ११ महिन्यांचे, रसरशीत व फुगीर डोळ्यांचे बेणे घ्यावे, व तोडल्यापासून एका दिवसाच्या आत लावावे. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे.

टिपरी लावल्यावर खत कमी पडले तर पुढे देता येते, पाणी चुकले तर पुढची पाळी लवकर घेता येते. पण डोळ्यातील पेशीत जे असेल त्याच्याच प्रती सबंध शेतभर होणार, आणि त्या मागाहून बदलता येत नाहीत. म्हणून बेणे निवडण्यात घालविलेला दिवस वाया गेला असे कोणी समजू नये.