भेंडीवरील रोग व किडी : खर्चाचा हिशेब पहिल्या तोड्याआधीच करा

भेंडी हे थोड्या जागेत व थोड्या दिवसांत रोख पैसा देणारे पीक आहे. पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिला तोडा निघतो आणि पुढे एक दिवसाआड तोडणी चालू राहते. बाजारात बागवान मंडळी माल उघडताच हिरवी, कोवळी, सरळ भेंडी एकीकडे आणि पिवळी, वाकडी, भोके पडलेली दुसरीकडे काढतात. दोन्हींच्या भावातील अंतर म्हणजेच या पिकातील नफा किंवा तोटा होय.

या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू हळद्या रोग. काही भागांत त्याला केवडाही म्हणतात. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागते, मग सगळे पान पिवळे होते. फळे पांढरट, आखूड व राठ निघतात. या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९२४ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून झाली, म्हणजे आपल्या भागाला तो नवीन नाही. हा रोग विषाणूमुळे होतो, बुरशीमुळे नव्हे. पिवळे झालेले झाड कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवे होत नाही. तरीही पुष्कळ शेतकरी दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीनाशक आणून फवारतात. तो पैसा अक्षरशः मातीत जातो.

रोग कोणत्या वयात आला यावर नुकसान ठरते. सत्तरच्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, उगवणीनंतर ३५ दिवसांच्या आत रोग लागल्यास ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न बुडते. ५० दिवसांनी लागल्यास सुमारे ८४ टक्के, तर ६५ दिवसांनी लागल्यास सुमारे ४९ टक्के घट येते. यावरून व्यवहाराची गोष्ट उघड आहे. पहिल्या महिन्यात एखादे झाड पिवळे दिसले तर दयामाया न करता उपटून पुरून टाकावे, कारण ते स्वतः काही देणार नाही आणि शेजारच्या झाडांनाही बुडवील. दोन महिन्यांच्या पिकात मात्र घाबरून सगळा प्लॉट मोडू नये. निम्मे उत्पन्न अजून हाती लागू शकते.

हा विषाणू पसरवते ती पांढरी माशी. ती पानाच्या खालच्या बाजूस बसते, त्यामुळे वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. नोझल खालून वर धरावे. पेरणीपूर्वी बांधावरील तण काढावे व प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच पेराव्यात. पिवळे चिकट सापळे लावावेत. विकतचे परवडत नसतील तर पत्र्याच्या डब्याला पिवळा रंग देऊन एरंडेल तेल फासले तरी काम भागते. कीटकनाशकाची प्रक्रिया केलेले बियाणे घेतल्यास पहिले काही आठवडे मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांपासून संरक्षण मिळते. पैसा खर्च करायचा तर तो इथेच करावा.

वाणाबद्दलही थोडे सांगणे भाग आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी एके काळी या रोगाला दाद देत नसे. काही वर्षांत तिची ताकद संपली. ऐंशीच्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून परभणी क्रांती हा वाण दिला व त्याने शेतकऱ्यांना मोठा आधार दिला. पुढे त्यावरही रोग दिसू लागला. म्हणून पाकिटावर ‘रोगप्रतिकारक’ छापले आहे एवढ्यावर विसंबू नये. गेल्या हंगामात आपल्याच शिवारात तो वाण कसा टिकला, याची चौकशी करावी.

दुसरा शत्रू फळे पोखरणारी अळी. कपाशीवरील ठिपक्यांची बोंडअळी ती हीच, म्हणून कपाशीशेजारी भेंडी घेऊ नये. अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते व शेंडा मान टाकतो, नंतर ती कळ्या-फळांत जाते. सुकलेले शेंडे व किडकी फळे दर तोड्याला वेगळी काढून खोल पुरावीत. ती बांधावर फेकली तर अळी परत शेतातच येते. कामगंध सापळे व पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतात. अर्कासाठी पाच किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी गाळून त्याचे १०० लिटर द्रावण करावे व त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळावा. एकाच जातीचे सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषध वारंवार मारल्यास अळी दबते, पण पांढरी माशी व लाल कोळी वाढतात.

थंडीत पानांवर पांढरी भुरी येते. तिला पाण्यात मिसळणारे गंधक पुरते, मात्र ते कडक उन्हात फवारू नये. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम समजावे. अशा जमिनीत वांगी-टोमॅटोनंतर भेंडी घेऊ नये.

खरी अडचण तोडणी सुरू झाल्यावर येते. औषधानंतर किती दिवस माल तोडू नये हे डब्यासोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते. पण भेंडी चार-पाच दिवस थांबली तर जून होते व भाव जातो. म्हणून अनेकजण आज फवारून उद्या तोडतात. पिवळी भेंडी व्यापाऱ्याला दिसते, औषधाचा अंश दिसत नाही, आणि तो खाणाऱ्याच्या पोटात जातो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास भारतात २००५ पासून बंदी आहे. २०१३ साली युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या भेंडीवर विशेष अटी घातल्या व मालासोबत तपासणीचा दाखला मागितला. एकाच्या घाईचा फटका सर्व निर्यातदारांना बसला. तोडणी सुरू असताना फवारणे अटळच असेल तर आधी सर्व तोडण्याजोगा माल काढून घ्यावा, थोड्या दिवसांचीच मुदत असलेले औषध निवडावे आणि मधला एखादा जून झालेला तोडा जनावरांना न घालता टाकून द्यावा. डब्यावरील त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ते औषध अधिक विषारी समजावे.

शेवटचा तोडा झाला की झाडे शेतात उभी ठेवू नयेत. त्यांवरील पांढरी माशी शेजाऱ्याच्या नव्या लागवडीवर जाते, आणि पुढच्या हंगामात तिथून परत आपल्याकडे येते.