दुसरा बाण : धम्म आणि मनाचे दुखणे



आपण त्रिसरण-पंचशील घेतले, घरातील देव्हारा उतरविला. परंतु घरातील एखादे माणूस महिनोन्महिने झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, तेव्हा शेजारीपाजारी सांगू लागतात, 'बाहेरचे झाले आहे, देवऋषीकडे न्या.' अशा वेळी आपले पाय जुन्या वाटेकडे वळू नयेत, म्हणून हा पाठ.

धम्मात मन हे केंद्रस्थानी आहे. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हे स्पष्ट केलेले आहे. मग मनाच्या दुःखाविषयी तथागतांनी काय सांगितले?

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. त्याचा आशय असा : वेदना ज्ञानी माणसालाही होते आणि अज्ञानी माणसालाही. हा पहिला बाण. अज्ञानी माणूस मात्र शोक करतो, ऊर बडवून घेतो, म्हणजे स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. ज्ञानी माणसाला एकच बाण लागतो.

उदाहरण घ्या. मुलगा दहावीला नापास झाला, हा पहिला बाण. 'मी नालायक आहे, माझे आता काहीच होणार नाही,' हा दुसरा. पहिली गोष्ट घडलेली आहे. दुसरी मनाने रचलेली आहे.

आधुनिक मानसशास्त्रही याच ठिकाणी येऊन पोहोचले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. ॲरन बेक यांना दिसले की, उदास रुग्णाच्या मनात स्वतःविषयी कडवट विचार आपोआप उठतात आणि रुग्ण ते खरे मानतो. असे विचार पुराव्यावर तपासून पाहण्यास त्यांनी रुग्णांना शिकविले. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट वेदनेने त्रासलेल्या रुग्णांना बौद्ध स्मृती-साधनेवर आधारलेले शिक्षण देणे सुरू केले. पुढे या दोन्ही पद्धती एकत्र आल्या. २००० सालच्या एका अभ्यासात, तीन किंवा अधिक वेळा उदासीनतेचा आजार होऊन गेलेल्यांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या शेकडा ६६ जणांचा आजार उलटला. ही जोड-पद्धत शिकलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३७ होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कोणी जातीवरून अपमान केला, तर तो बाण आपण मारून घेतलेला नसतो. त्याविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याचा आधार घ्यावा. 'मन शांत ठेवा' म्हणजे 'अन्याय सोसा' नव्हे. परंतु त्या अपमानामुळे आपण स्वतःला हीन मानू लागलो, तर तो दुसरा बाण होय. तो आपणच उपटावयाचा आहे. मन स्थिर असेल तर लढाही नीट लढता येतो.

आता कृती. सायंकाळी वंदना झाल्यावर सर्व कुटुंबाने दहा मिनिटे बसावे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढेच पाहावे. विचार आला तर त्याला हाकलू नये, त्याच्यामागे धावूही नये. 'हा विचार आहे' एवढे जाणून पुन्हा श्वासाकडे यावे. नंतर वहीत दोन ओळी लिहाव्यात : आज काय घडले, आणि त्यावर मनाने काय रचले.

मात्र कोणाला भास होत असतील, कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल, तर ध्यानावर विसंबून राहू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका व डॉक्टरांकडे न्या. शासनाची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून विनामूल्य चालते. उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. औषध घेणे धम्माविरुद्ध नाही. खुद्द तथागतांनी जीवक वैद्याचे उपचार घेतले, आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली.

पुढील वंदनेच्या दिवशी विहारात या प्रश्नावर चर्चा करावी : आपल्या वस्तीत असा माणूस असेल, तर त्याच्या घरी प्रथम कोण जाईल?