उन्हाने इंधन पेटते का?



नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, मालेगावचा त्याहून वर चढतो. उन्हात तापलेला पत्रा ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. ठिणगीवाचून आपोआप पेटायला मात्र पेट्रोलला सुमारे २५० अंश लागतात, डिझेलला दोनशेच्या वर, स्वयंपाकाच्या गॅसला चारशेहून अधिक. एवढी मजल नुसत्या उन्हाला मारता येत नाही.

तरीही ऊन निर्धोक नाही. जळते ती वाफ, आणि ती ऊन भरपूर तयार करते. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याजोगी असते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्का झाले तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. पेट्रोलचा डबा शेडच्या एका कोपऱ्यात आणि मोटारीचा स्टार्टर दुसऱ्या कोपऱ्यात असला, तरी भडका उडू शकतो. डिझेल त्या मानाने सौम्य समजले जाते. पण भारतीय मानकानुसार त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेट घेण्याजोगी वाफ सुटते तो) किमान ३५ अंश असावा लागतो, म्हणजे काही डिझेल मे महिन्याच्या दुपारी तेवढी वाफ सोडू शकते. शेतकरी नेमके इथेच गाफील राहतात. शिवाय काठोकाठ भरलेल्या वीस लिटरच्या कॅनमधले पेट्रोल वीस अंशांनी तापले, तर सुमारे चारशे मिलीलिटरने फुगते आणि झाकणातून पाझरते.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. अशा मोठ्या डेपोंत वाफ रोखण्यासाठी पेट्रोलच्या टाक्यांचे छत तेलावरच तरंगते, त्यामुळे वाफेला जागा उरत नाही. टाक्यांचा पांढरा रंग ऊन परतवतो.

घन इंधनाची गोष्ट निराळी, आणि जास्त फसवी. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाचे मोठे ढीग असतात. कोळसा हवेतला प्राणवायू हळूहळू शोषतो आणि तापतो. ढिगाच्या पोटातली ही उष्णता बाहेर पडत नाही. ७०-८० अंशांपुढे ती वेगाने वाढते आणि ढीग आतून धुमसू लागतो. ऊन इथे फक्त हातभार लावते. म्हणूनच ढीग दाबून त्यातली हवा काढतात आणि जुना कोळसा आधी वापरतात. अर्धवट वाळलेल्या चाऱ्याची गंजीही अशीच पेटते: ओलीत वाढणारे सूक्ष्मजीव तिला तापवतात, पुढचे काम रासायनिक क्रिया करते. गंजीतून वाफ किंवा करपट वास येऊ लागला, तर ती एकदम उपसू नये. आत हवा शिरताच भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवावे.

उन्हाने थेट आग लागते ती किरण एका जागी एकवटले तरच. अंतर्गोल सौर चूल वापरून झाल्यावर उघडी ठेवू नये.

पेट्रोल-डिझेल सावलीत, हवेशीर जागी, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, वर थोडी जागा सोडून ठेवावे. इंजिन निवल्याशिवाय फवारणी पंपात तेल ओतू नये. आणि चारा पुरता वाळल्याशिवाय गंजी रचू नये, ही कळकळीची विनंती.

— मामा