भाव करताना

१. विकायला निघालेल्या माणसाला वस्तूची किंमत माहीत नसते. गावचं घर काढलं, तेव्हा ओसरी, आजीचं जातं, गुढी उभारायची ती खिडकी, सगळ्याचे पैसे मी मनातल्या मनात लावत होतो. गिऱ्हाइकाला दिसत होतं ते गळकं छप्पर. खोटं कुणीच बोलत नव्हतं. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांचा १९९०चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले. ज्यांना मिळाले त्यांनी सांगितलेली किंमत, न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. तो मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. आमचं घर पणजोबांनी बांधलेलं!

२. कमी पैसे पचतात, अपमान पचत नाही. ‘परवडत असेल तर बघा’ असं कुणी तोंड फिरवून म्हणालं, की माझं गणित तिथेच संपतं. १९८२ साली जर्मनीत अर्थशास्त्रज्ञ वेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी एक खेळ मांडला. एकानं रक्कम वाटायची. दुसऱ्यानं वाटणी मानली तर दोघांना पैसे, नाकारली तर कुणालाच नाही. पुढे हा खेळ जगभर खेळला गेला. वाटा पाचव्या हिश्शाखाली गेला, की पुष्कळ जण फुकटचे पैसेही लाथाडतात. म्हणजे मी एकटाच तिरसट नाही.

३. चारचौघांत बोललेला आकडा मागे घेता येत नाही. वाशीच्या बाजारात आंब्याचे भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे. शेतकऱ्याला काही कळू न देणारी ही पद्धत, तिच्यावर टीका झाली ती योग्यच. पण कमी भाव मान्य करताना कुणाची मान खाली जात नसे, एवढं मात्र खरं. ‘याच्याखाली एक रुपया नाही’ हे मी भावकीसमोर बोललो होतो. पुढचे कित्येक महिने घराचा सौदा त्या वाक्यापाशीच अडला.

४. भ्यालेला माणूस भाव करतच नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडईत हुज्जत घालणारा मी. आईला इस्पितळात दाखल करताना ‘खोली कुठली देऊ?’ असं विचारलं, तेव्हा ‘चांगली’ म्हणालो आणि दर न विचारता सही केली. दोन रात्रींची झोप नव्हती. कागदावरची अक्षरंसुद्धा नीट लागत नव्हती. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर पैशांचं बोलायला एखादा लांबचा मेहुणा बरोबर न्या. त्याची झोप झालेली असते.