राजवाड्याभोवती वसलेली माणसं

प्रश्न : जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराच्या नकाशात राजवाडा, मुख्य रस्ता आणि मेरापी ज्वालामुखी जवळपास एका रेषेत दिसतात. हा योगायोग की मुद्दाम केलेली आखणी?

उत्तर : मुद्दाम केलेली, आणि ती कुणी केली हेही ठाऊक आहे. १७५५च्या गियांतीच्या तहाने मातारामचं राज्य दुभंगलं. बंड करून उठलेला राजपुत्र मांगकुबुमी हा सुलतान हामेंगकुबुवोनो पहिला झाला आणि जुनी राजधानी सुराकार्ता त्याच्या पुतण्याकडे राहिली. गादी मिळाली, राजधानी नव्हती. ती त्याने वसवली. उत्तरेला मेरापी, दक्षिणेला लोककथेतल्या समुद्रराणीचा महासागर आणि मध्ये क्रातोन, म्हणजे राजवाडा. उत्तरेचा तुगू स्तंभ आणि दक्षिणेची क्राप्याकची इमारत यांच्यामधला हा सहा किलोमीटरचा अक्ष २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

पण मला या रेषेपेक्षा तिच्याभोवती माणसं कशी बसवली, हे अधिक मोलाचं वाटतं. गियांतीच्या वाटणीत सलग सीमा आखली गेली नाही. सारा आणि वेठ देणारी कुटुंबं मोजून वाटली गेली. त्यामुळे दोन्ही राजांची गावं एकमेकांत मिसळून राहिली. सत्ता मोजायची ती हाताखालच्या माणसांवरून, आणि शहरही त्याच हिशेबाने वाढलं. राजवाड्याभोवतीच्या तटाच्या आत पातेहानमध्ये राजवाड्याचा चहा करणारे राहत, सिलिरानमध्ये दिवे सांभाळणारे. मोठ्या मशिदीलगतच्या काउमानमध्ये धर्माधिकारी. तटाबाहेर पश्चिमेला आणि दक्षिणेला विरोब्राजान, पातांगपुलुहान, मांत्रिजेरोन या वस्त्या, प्रत्येकीला सुलतानाच्या एकेका पलटणीचं नाव. ही नावं आजही पत्त्यांत लिहिली जातात.

राजवाड्यासमोरच्या आलुन-आलुन मैदानात मधोमध कुंपण घातलेले दोन वड आहेत. अन्याय झालेला रयतेतला माणूस पांढरे कपडे घालून त्या वडांपाशी भर उन्हात मुकाट बसून राही. समोरच्या उंच चौथऱ्यावरून सुलतानाच्या दृष्टीस पडला, की त्याला बोलावणं येई. अर्ज नाही, वकील नाही. त्या जागी बसणं हीच फिर्याद.

जावावर पाय रोवलेल्या डचांनाही राजवाड्याच्या या जागेचं महत्त्व कळलं होतं. त्यांनी राजवाडा तोफेच्या टप्प्यात येईल असा किल्ला अक्षालगत उभा केला. पुढे रेल्वेचे रूळ तो अक्ष आडवा छेदून गेले. १८६७च्या भूकंपात पडलेला पंचवीस मीटरचा तुगू १८८९मध्ये पुन्हा बांधला, तो पंधरा मीटरचाच.

तरीही सुलतानाची पकड सुटलेली नाही. इंडोनेशियाच्या २०१२च्या कायद्याने योग्याकार्ता प्रांताचं गव्हर्नरपद निवडणुकीविना सुलतानाकडे ठेवलं आणि संस्थानाची जमिनीवरची मालकीही मान्य केली. अशा जमिनीवर राहायचं तर आजही राजवाड्याचं परवानगीपत्र लागतं.